निन्या ओदालिसची नीळ

गालात सुई असताना माणसाने तोंड बंद ठेवावं. मी उघडलं.

सुई निन्या ओदालिसची, गाल माझा. जबड्याच्या डाव्या बाजूला एक गाठ आली होती, आतून ठसठसणारी. उशीला गाल टेकला की ब्रह्मांड आठवायचं. ओदालिसने बर्फ फिरवून ती बधिर केली, भिंगाचा दिवा खाली ओढला, सुईच्या टोकाने गाठीला तोंड पाडलं आणि सुई आतच ठेवून दुसऱ्या हाताने कापूस धरून सावकाश दाबायला लागली. डोळ्यांत आलेलं पाणी तिला दिसू नये म्हणून मी गप्पा सुरू केल्या.

"हे आमच्या घराण्यातच आहे गं," मी म्हणालो. "माझं काहीच नाही. आमच्या बाबांची पाठ बघशील तर घाबरशील. नुसत्या गाठी नि खड्डे. आईशिवाय कुणाला दाखवत नाहीत. नदीवरसुद्धा शर्ट घालून उतरतात."

"असं होय?" ती दाबता दाबता म्हणाली. "कोण रे तुझा बाप?"

"अतिलियो कॉन्सुएग्रा. कोंबड्यांच्या खाद्याचं दुकान आहे ना चौकात, ते."

सुई थांबली. बाहेर आली नाही, आत गेली नाही, होती तिथे थांबली. भिंगाच्या पलीकडे तिचा एक डोळा बशीएवढा दिसत होता आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

"पाठ म्हणालास?"

"हं."

"सगळी?"

"मानेखालून कमरेपर्यंत, आई सांगते."

"देवा," ती छताकडे बघून म्हणाली, "म्हणजे तू आहेस तर!" आणि इतकी हसली की सुई माझ्या गालात नाचायला लागली.

मी शाळेसाठी मावशीकडे वाढलो, नदीच्या वरच्या अंगाच्या एका गावात. त्यामुळे आमच्या सांता रुफिनामध्ये कोण कुणाचा वैरी हे मला पाठ नव्हतं. इथल्या शेंबड्या पोराने ती चूक केली नसती.

निन्या म्हणजे पोरगी. आमच्या किनाऱ्यावर कर्त्या बाईला तिच्या तोंडातले दात पडून गेले तरी निन्याच म्हणतात. सगळा मान त्या एका शब्दात भरून टाकला की पुढे खुशाल अगंतुगं करायला मोकळे. ओदालिस पेर्तुझ तेव्हा पन्नाशीची होती. बुटकी, दंडाने दणकट, पांढरा झगा, पायात प्लॅस्टिकच्या सपाता. तिच्या घराची पुढची खोली हाच तिचा दवाखाना. खोलीचं दार थेट रस्त्यावर उघडायचं, म्हणजे उघडलं असतं तर. निळ्या दिव्याखाली माणसं डोळे झाकून पडलेली असायची म्हणून ती ते कायम लावून ठेवी. मधोमध एक लांब बाक, तोंड खाली घालून झोपायला एका टोकाला गोल भोक पाडलेलं. सुताराने तो तिच्या मापाने केला होता, त्यामुळे उंच माणसाचे पाय गुडघ्यापासून हवेत.

आरोग्य केंद्राचा डॉक्टर गोळ्या लिहून द्यायचा, रक्त तपासायचा आणि म्हणायचा, "आता हाताचं काम. ओदालिसकडे जा." हाताचं काम म्हणजे वाफ, मग तारेच्या बारीक फाशाने काळे दाणे काढणं, मोठ्या गाठीला सुई, आणि ज्या गाठी फोडायच्या नाहीत त्यांच्यावर सुका बर्फ. तो ती आइस्क्रीमच्या गाडीवाल्याकडून घ्यायची, कुटून एका द्रवात कालवायची आणि कापडाच्या बोळ्याने गाठीवर टेकवायची. धूर निघायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं आपलं तोंड पेटलं. खड्डे बुजवायला साल काढणारं औषध होतं, सुयांचा रूळ होता, पण ती दोन्ही ती फक्त पावसाळ्यात वापरायची. जानेवारी उजाडला की नाही म्हणजे नाही.

आणि आमचं गाव नेमकं जानेवारीतच तिच्या दारात. कार्निव्हलच्या आधी आमच्याकडे माणूस घर रंगवतो, दात बसवतो, म्हशीची शिंगंसुद्धा घासून घेतो. मग तोंड का सोडावं? पोरी यायच्या, पोरींच्या आया यायच्या.

"निन्या, सोलून दे ना गं. शनिवारी मिरवणूक आहे."

"शनिवारी ऊन आहे. शनिवारी तोंडाला मक्याचं पीठ फासणारे हात आहेत. सोललेल्या तोंडाला पीठ लागलं की काय होतं ते बघायचंय? बघ." आणि ती डावा गाल पुढे करायची.

त्या गालावर डोळ्याच्या खालपासून हनुवटीपर्यंत निळे ठिपके होते. कुणीतरी शाईची दौत झटकल्यासारखे.

ती गोष्ट मला तिने त्याच दिवशी सांगितली, माझ्या गाठीवर पट्टी चिकटवता चिकटवता. पोरगी असताना तिच्या तोंडावर माझ्याहून वाईट प्रकार होता. गाठी फुटायच्या, पुन्हा भरायच्या, जागी खड्डे राहायचे. माझ्या बापाने शाळेत तिचं नाव सीताफळ ठेवलं आणि ते नाव तिच्याआधी वर्गात शिरायचं. तरीही एका वर्षी तिच्या गल्लीने तिला कार्निव्हलची राणी केलं, कारण नाचात तिच्यापुढे कुणी टिकत नव्हतं. ती बारांकियाला, शहरात गेली. तिथल्या डॉक्टरने फिरत्या ब्रशने तिचे गाल खरवडले, मलम लावलं आणि बजावलं, की घराबाहेर पडायचं नाही, कार्निव्हल विसर. ती घरातच होती. फक्त शनिवारी ढोल ऐकू आले आणि ती दारात आली. नुसती दारात.

रस्त्यावरून लितानीवाले चालले होते. लितानी म्हणजे काळे झगे घालून पाद्र्याच्या सुरात गावाची टवाळी करायची. एकाने कडवं म्हणायचं, बाकीच्यांनी 'देवा, आम्हाला वाचव' म्हणून ओढायचं. त्यात कुणी रागवायचं नाही हा नियम. रागावला तो मेला, पुढची दहा वर्षं तोच विषय. म्होरक्या माझा बाप, वय एकवीस. त्याने तिला पाहिलं, हात वर करून ढोल थांबवला आणि गायला,

"शहरामधल्या डॉक्टरने सीताफळ सोललं,
आतून पुन्हा सीताफळच निघालं!"

'देवा, आम्हाला वाचव!' सगळी गल्ली हसली. मग तो रिवाजाप्रमाणे पिठाची मूठ घेऊन पुढे आला. कार्निव्हलमध्ये पीठ लावायला आलेल्याला नाही म्हणत नाहीत. ती मागे सरली, पण दारात मागे तिची आईच उभी. आणि त्या मुठीत गंमत म्हणून कपड्यांची नीळ कालवलेली होती.

कातडी भरून आली ती निळीला आत घेऊन. पुढे लेझरने काही ठिपके फिके झाले. खोलवरचे तसेच.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. त्याच डॉक्टरकडे भांडी धुवायला राहिले, काम शिकले, परत आले. या गावाची तोंडं माझ्या हाताखाली यायला हवी होती मला."

आणि आली. त्या दिवशी गल्लीत कोण कोण हसलं ते तिने कुठे लिहून ठेवलं नव्हतं, गरजच नव्हती. जो हसला होता त्याचं तोंड ती उत्तम साफ करायची, एक दाणा सोडून. नाकाच्या शेंड्यावरचा. औषधवाल्याची बायको दर महिन्याला आरसा घेऊन भांडायची.

"ओदालिस, अगं हा राहिला."

"मुरायचाय अजून."

"दर वेळी हाच कसा मुरायचा राहतो?"

"तुझं नाक आहे, त्यालाच विचार."

गावातली अर्धी म्हातारी मंडळी नाकावर तो एक काळा ठिपका घेऊन चर्चला जायची, आणि ओदालिस मागच्या बाकावर बसून त्यांच्याकडे भक्तिभावाने बघायची. फक्त बापाचं तोंड कधी आलं नाही. बापाचं तोंड तुळतुळीत होतं. तिचा देवावर राग होता तो याच गोष्टीचा. तो मी एका वाक्यात मिटवला.

"तुझा चेहरा मी नीट करीन," ती मला म्हणाली. "ठिपका न ठेवता. बापाला सांग, पाठसुद्धा करते."

मी सांगितलं नाही. बापाविषयी प्रेम होतं म्हणून नव्हे. मला मजा बघायची होती, आणि मजेला वेळ द्यावा लागतो. बाप घरात मला 'लापशी' म्हणायचा. मक्याची लापशी उकळताना तिच्यावर फोड येतात ना, तशी. "काय लापशी, आज कढ कमी दिसतोय!" पाहुण्यांसमोर, जेवताना. आई म्हणायची, "अहो, पोरगा आहे आपला." तो म्हणायचा, "मग काय शेजाऱ्याच्या पोराला म्हणू? तो मारेल मला."

चार महिन्यांत माझं तोंड निवलं. खड्डे होते, पण कळ गेली, लाली उतरली, दाढी करता यायला लागली. बापाने एकदा माझी हनुवटी धरून उजेडात फिरवली आणि काहीच बोलला नाही. बापाला बोलायला काही न सुचणं हा आमच्या घरातला सण होता.

मग फेब्रुवारी आला. बाप अजूनही लितानीचा म्होरक्या. तो लोकरी काळा झगा घालून तालमी सुरू झाल्या, उकाडा असा की कोंबड्यासुद्धा चोच उघडून बसलेल्या, आणि पाठ पेटली. दोन्ही खांद्यांच्या मध्ये तीन गाठी अशा वर आल्या की त्याला खुर्चीला टेकता येईना. रात्रभर पालथा पडून कण्हायचा. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि म्हणाला, "या फोडून निचरा करायला हव्यात. ओदालिसकडे जा."

बाप माझ्या खाटेवर येऊन बसला, पाठ ताठ ठेवून.

"तुझी ती बाई. तोंड बंद ठेवते ना?"

"ती तुमच्यावर चिडून आहे, बाबा."

"कोण, ओदालिस? कशाबद्दल?"

"निळीबद्दल."

"कसली नीळ?"

मी सांगितलं. दार, ढोल, कडवं, मूठ. त्याने खरोखर आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घालून, भिंतीकडे बघून. माझा बाप खोटं बोलतो तेव्हा त्याचे कान हलतात. कान हलले नाहीत.

"असेल बाबा," तो म्हणाला. "शेकडो कडवी म्हटली. पण सोललं-निघालं चांगलं जमलंय, नाही?"

मी ओदालिसकडे गेलो आणि जसंच्या तसं सांगितलं. ती सुया उकळत होती.

"त्याला आठवत नाही," तिने विचारलं, "की आठवत नाही असं म्हणतो?"

"आठवत नाही."

तिने चिमट्याने एक सुई उचलली आणि परत पाण्यात टाकली. तिने माणसं चिडलेली पाहिली असतील, ओशाळलेली पाहिली असतील, त्या सगळ्याची तयारी तिने करून ठेवली असावी. याची नव्हती.

"शनिवारी आण," शेवटी ती म्हणाली. "मिरवणुकीच्या आधी. सुका बर्फ गाडीवाला शनिवारीच देतो."

गाडीवाला रोज तिच्या दारावरून जायचा. मी बापाला म्हटलं, "शनिवारीच मिळतो म्हणे."

शनिवारी बाप झगा हातावर टाकून मागच्या दाराने आला. त्याच्या कंपूतले चौघे, ढोलवाला नेरियो धरून, मिरवणूक इथूनच पुढे जायची म्हणून तिच्या पुढच्या दाराबाहेर सावलीत उभे राहिले. त्यांना वाटलं, म्होरक्या घसा शेकून घेतोय.

"ओदालिस! किती वर्षांनी!" बाप म्हणाला. "अजून तशीच आहेस."

"हो, पुसलं गेलेलं नाही. शर्ट काढ. पालथा हो."

त्याने माझ्याकडे बघून मग शर्ट काढला. मी घरचा असून मलाही अख्खी पाठ पहिल्यांदाच दिसत होती. खड्डे, वळ, जुन्या गाठींचे दोर, आणि मध्ये तीन नव्या, लाल, ताणलेल्या. या पाठीने मला लापशी म्हटलं होतं.

त्याने भोकात तोंड घातलं. पाय गुडघ्यापासून हवेत. ती कामाला लागली आणि काम तिने चोख केलं. पुसलं, बर्फ टेकवला, सुई घातली, हलक्या हाताने निचरा केला. एक गाठ झाली, दुसरी झाली. बाप उसासे टाकत म्हणाला, "हात सोन्याचा आहे गं तुझा." तिसरीला तिने तोंड पाडलं आणि थांबली. फळीवरून एक पुडी घेतली आणि वाकून, बरोबर भोकाखाली, त्याला दिसेल अशी जमिनीवर ठेवली.

"हे काय?" भोकातून आवाज आला.

"नीळ. कपड्यांची."

बाहेर नेरियो ढोलावर बोटं वाजवत होता.

"तुझ्या पाठीला आत्ता तीन तोंडं उघडी आहेत, अतिलियो. मी ही नीळ त्यांत चोळते. भरून येईल, दुखणार नाही, शर्टाखाली मरेपर्यंत राहील. कुणाला कळणार नाही. नाहीतर मी हे समोरचं दार उघडते. पाठीला काहीही करत नाही, उलट नीट पट्टी बांधते. तू सांग."

"ओदालिस, चेष्टा पुरे."

"मला कुणी विचारलं नव्हतं. तुला विचारतेय."

"एदिल!" बापाने मला हाक मारली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो.

ढोल वाजत राहिला. लांबून मिरवणूक जवळ येत होती. शिट्या, पोरांचा आरडाओरडा.

"नीळ," बाप म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"नीळ चोळ. दार नको."

"असं," ती म्हणाली. "शर्टाखाली असलं की तुला काहीही चालतं." तिने पुडी उचलून झग्याच्या खिशात टाकली, सपाता फटफटवत दारापाशी गेली आणि दोन्ही फळ्या उघडून भिंतीला टेकवल्या.

ऊन थेट बापाच्या पाठीवर पडलं.

आधी कंपू दिसला, मग कंपूच्या मागे थांबलेली माणसं, मग त्यांना काय दिसतंय ते बघायला आलेली माणसं. पिठाने पांढरी झालेली तोंडं दारात दाटली. औषधवाल्याची बायको पुढे होती, नाकावर ठिपका. दोन पोरं मुठी भरून आत घुसायला लागली तशी ओदालिस उंबऱ्यावर आडवी झाली. "पीठ बाहेर! उघड्या जखमा आहेत. बघायचं तेवढं बघा, हात लावलात तर सुई खुपसीन." आणि ती परत येऊन, सगळ्या गावासमोर, तिसऱ्या गाठीचा निचरा करायला लागली.

पळून कुठे जाणार? पाठीत सुई होती.

नेरियो बिचारा गोंधळला. म्होरक्या आपला, पण शनिवारही कार्निव्हलचा. आलेली संधी सोडली तर लितानीवाला कसला? त्याने ढोलावर थाप मारली, घसा खाकरला आणि पाद्र्याचा सूर लावला,

"चारचौघांत शर्ट न काढी, काय म्हणावी लाज!
सीताफळांची बाग पाठीवर, दर्शन झालं आज!"

"देवा, आम्हाला वाचव!" सगळा रस्ता गरजला. आणि बाकाच्या भोकातून, तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीने, एक आवाज त्यांच्या मागून अर्धा ताल उशिरा आला: "देवा, आम्हाला वाचव." तो ऐकल्यावर लोक जे हसले त्यापुढे पहिलं हसणं काहीच नव्हतं. मीही हसलो. लापशीला कढ आला.

ओदालिस हसली नाही. तिने तिन्ही जागा पुसल्या, मलम लावलं, चौकोनी पट्टी कापून चारही कडांनी दाबून बसवली. मग दार लावून घेतलं.

बाप उठून बसला. तोंडाभोवती भोकाची लाल गोल खूण. शर्टाची बटणं चुकीच्या भोकांत लावत त्याने बराच वेळ घालवला.

"निळीचं मला खरंच आठवत नव्हतं," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "आता दर शनिवारी आठवेल."

बाप त्या दिवशी मिरवणुकीत गेला नाही. दुसऱ्या दिवशी गेला, कारण न जाणं म्हणजे रागावणं. तिथे त्याच्यावर तेरा कडवी झाली, त्यातली निम्मी त्याच्यापेक्षा सरस होती, आणि तेच त्याला जास्त लागलं. पाठ मात्र बरी झाली. मला तो आता एदिल म्हणतो. हाक मारताना मध्ये थोडा थांबतो, पण एदिल म्हणतो.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात आमच्याकडे घरोघरी तुरीच्या ओल्या दाण्यांचं गोड शिजतं आणि शेजारीपाजारी वाडगे फिरतात. आमच्या घरून ओदालिसकडे कधी वाडगा गेला नव्हता. या वर्षी आईने भरला आणि बाप स्वतः घेऊन गेला, भर दुपारी, मधल्या रस्त्याने, सगळ्यांना दिसेल असा दोन्ही हातांत धरून. ओदालिसने दार उघडलं, वाडगा घेतला, दार लावलं.

वाडगा रिकामा परत करत नाहीत. तिने काहीतरी गोड करून, भरून पाठवायचा, म्हणजे मग दोन घरं एकमेकांची झाली. आई रोज विचारते, कारण तो तिच्या आईचा वाडगा आहे. मी दिव्याखाली पडायला गेलो की फळीवर दिसतो, धुऊन पालथा घातलेला.

"निन्या, आई वाडग्याचं विचारत होती."

"सांग, विचार चाललाय."

"काय करणार आहेस त्यात?"

"डोळे मीट. दिवा लावते."

वाडगा अजून तिच्याकडेच आहे.